कबुतरं, सीडी आणि कॅलेंडरचं लायसन्स

मंडळी, रविवारी आपल्याकडे दिल्लीत यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मराठी पोरांचं जेवण आहे, विसरलात ना? विसरणारच. मागच्या वेळचे तुमचे डबे अजून माझ्या ओट्यावर पडलेत. मी सांगतेय, सून ग्रुपवर टाइप करतेय.

कोण काय आणणार, ते सगळं माझ्या मिलिंदच्या कॉम्प्युटरवर एका प्रोग्राममध्ये होतं. आज सकाळी त्याने तो प्रोग्राम नवा करून घेतला, आणि त्यातला यादीचा फॉर्म उघडेचना. म्हणे, तारीख निवडायच्या कॅलेंडरला लायसन्स नाही. अरे, काल होतं की! शी!

"आई, जुनी सीडी टाकली की लायसन्स परत येईल. कुठंय ती?"

"बाल्कनीत. कबुतरं हाकलायला टांगलीय."

"आई, यार!"

तिच्यावर घाण वाळून बसलेली. त्याने नाक धरून धुतली, पुसली, आत घातली. यंत्राने घरघर करून बाहेर ढकलली. कबुतरं तरी कुठं घाबरत होती तिला!

किळस आली मला. नवं घेतलं की घरातलं चालू असलेलं बंद का पाडतात हो हे कॉम्प्युटरवाले लोक?

पण पोरं उपाशी राहायला नकोत. तेव्हा आता मीच ठरवते. नोएडावाल्यांनी मसालेभात पाठवा, गुडगाववाल्यांनी भरली वांगी. श्रीखंड सगळेच पाठवता, ते कोणीही नको. बाकीच्यांनी पोळ्या पाठवा, आणि मऊ पाठवा.