कडावच्या डेअरीवरची पाटी

किरणच्या हुशारीचं कौतुक मला सांगू नका. आधी सोनाबाईचा गोठा बघून या, मग बोलू.

किरण तिचा एकुलता एक मुलगा. खालापूरकडे वजनकाट्यांच्या कारखान्यात कामाला आहे. काट्याचा आकडा दिव्यांच्या पाटीवर दिसायचा तर कुठला ठिपका पेटवायचा, कुठला विझवायचा, हे पाटीला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, त्याने घरी बसून लिहिली. कुणीही घ्यावी, आपल्या पाटीला जोडावी. इंटरनेटवर फुकट ठेवली, वर म्हणतो, विद्या विकायची नाय.

पहिली पाटी लागली ती आमच्या कडावात, दत्ताच्या डेअरीवर. माझं शिवणाचं दुकान समोरच, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत. दूध ओतलं की आकडा थरथरायचा आणि बाया दत्ताशी भांडायच्या. आमच्याकडे मापावर चार थेंब जास्त घालायची जुनी रीत, त्याचा हिशेब कुणी धरत नाही. किरणने तीच रीत लायब्ररीत घातली. पाटीने शेवटचा आकडा गाळायचा. किती गाळायचं ते पाटी लावणाऱ्याने ठरवायचं. थरथर थांबली, भांडणं मिटली. गावाने नारळ देऊन सत्कार केला.

दत्ताच्या हाती ही किल्ली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्याने हळूच गाळणी वाढवली आणि पुऱ्या लिटरवर नेली. दूध पावणेपाच आलं तरी पाटी चार दाखवू लागली.

हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा सोनाबाईला एवढंच दिसलं, की तिची म्हैस आटत चालली. नवरा गेल्यापासून त्या एका म्हशीवर तिचं घर होतं. तिने सरकी वाढवली, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी एकदा म्हटलं, "मामी, कॅन तर भरल्यासारखा दिसतोय."

"हाताला बी तेवढाच लागतोय गं," ती म्हणाली. "पर पाटी माज्या किरणची हाय. ती कशाला खोटं बोलंल?"

जन्मभर दूध उचललेला हात खोटा आणि पोराची पाटी खरी. मला आजही या गोष्टीचा संताप येतो. म्हैस ठेवू का विकू, असं तिने फोनवर किरणला विचारलं, तर तोही म्हणाला, पाटी चार म्हणते ना, मग विकून टाक. लोधिवलीचा एक व्यापारी टेंपो घेऊन आला. म्हैस चढेना, तिला चौघांनी ढकलली. पुढे ती कुठे गेली, कुणास ठाऊक.

पुढच्या महिन्यात पाटीची एक ओळ पेटेना म्हणून किरण दुरुस्तीला आला. आतल्या बाजूला, दत्ताकडे तोंड करून, काट्याचा स्वतःचा छोटा पडदा असतो. एका बाईचा कॅन काट्यावर होता; पडद्यावर पावणेपाच होतं. बाहेर पाटीवर चार. किरणने कॅन उतरवून पुन्हा ठेवला, तरी तेच.

"सोय तूच ठेवलीस रं," दत्ता शांतपणे म्हणाला. "मी नुसता आकडा बदलला."

किरणने लायब्ररी इंटरनेटवरून काढली. तोवर कुठल्या कुठल्या गावात ती जोडलेल्या पाट्या लागल्या होत्या, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गावाची जीभ सैल सुटली. दत्ताबरोबर पोराचाही वाटा असेल, असं नारळ देणारेच बोलू लागले.

संध्याकाळी तो आईसमोर बसला आणि सगळं सांगितलं. मी तिथेच होते. मला वाटलं, ती दत्ताला शिव्या घालेल, निदान पोराला तरी दोन शब्द सुनावेल. तिने दत्ताचं नावसुद्धा काढलं नाही.

"म्हंजे ती देत व्हती," ती म्हणाली. तिने आपल्या तळहाताकडे बघितलं. "पान्हा चोरती म्हून मी रोज मारली रं तिला."