काजूच्या चिकाने भाजलेली करंगळी

"हात सरळ कर गो," मी सुनंदाला म्हटलं. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा होता. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलंच राहिलं. करंगळीवर फोड होता.

"काजूचा चीक लागला, मावशी."

मला ते पटलं. आमच्या देवरूखच्या बाजूला पुष्कळ बायका कारखान्यात काजू सोलतात. टरफलातल्या चिकाने बोटं भाजतातच. मी आकडा बघितला. अठ्ठ्याण्णव. वहीत लिहिलं, नॉर्मल.

मी उपकेंद्रात परिचर होते. झाडलोट, पाणी, आणि सिस्टरबरोबर घरोघर फिरणं. शिक्षण चौथी. कुष्ठरोगाच्या सर्वेत बायकांना तपासायचं काम माझं. घरात जायचं, दार लावायचं, पाठ, मांड्या, सगळं बघायचं. फिकट चट्टा दिसला की बाईला डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक टेकवायचं. चट्ट्यावर कळलं नाही तर संशयित. पण कोरोनाच्या वर्षी तो सर्वे बंद. खळ्यात, म्हणजे अंगणातच, उभं राहायचं, ताप, खोकला, ऑक्सिजन विचारायचा, पुढचं घर.

दोन महिन्यांनी परत गेले. करंगळीवर नवा फोड.

"परत चीक?"

"व्हय."

"कारखान्याला टाळं आहे ना? चीक काय घरपोच येतो?"

ती करंगळी निरखत म्हणाली, "चुलीवर भाजलं असंल. कळलंच नाय गो."

मी आत शिरले, दार लावलं, ब्लाउज वर करायला लावला. पाठीवर तळहाताएवढा चट्टा. पेन टेकवलं.

"कधी टोचणार, मावशी?"

चार वेळा टोचून झालं होतं.

तशीच तडक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर पीपीई किटमध्ये घामाघूम.

"मावशी, हे आता काढू नका. कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ कोविड सेंटरला आहेत. गोळ्यांचा स्टॉक नाही."

"तुम्ही बघा. गोळ्या मागवा."

"सर्वे सुरू झाला की पहिलं नाव तिचंच घेऊ."

"तोवर बोटं थांबतील?"

"मी एकटा काय काय करू?"

खरंच एकटा होता. पण त्याच दिवशी वरून तीनदा फोन आला, किती घरं झाली म्हणून. फोन करायला माणूस होता. गोळ्या पाठवायला नव्हता.

वाकायला लागलेल्या बोटाला सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर नस पुष्कळदा सावरते. हे मला आरोग्य खात्यानेच ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी दर आठवड्याला केंद्रात जाऊन उभी राहिले. डॉक्टर मला बघून दुसऱ्या दाराने जायला लागले.

गोळ्या आल्या तेव्हा भातं कापून झाली होती, सहा महिने केव्हाच उलटले होते. सुनंदाने कोर्स पुरा केला. रोग गेला. बोटं तशीच राहिली. कारखाना सुरू झाला, पण तिला परत घेतलं नाही. वाकड्या बोटांत काजू धरता येत नाही.

आमच्या केंद्राला त्या वर्षी शाबासकी मिळाली. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण कमी, म्हणून. मी मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं, "शोधले कोणी?" साहेब म्हणाले, "मावशी, बसा."

बसले. आता रिटायर आहे. उपकेंद्रातल्या नव्या पोरींना एवढंच सांगते, मशीन लावायच्या आधी हात बघा. माझ्या वहीत सुनंदाच्या नावापुढे अजून नॉर्मलच लिहिलेलं आहे.