भक्तनिवासातल्या आठ जणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. भक्तनिवासातली ती सकाळ मात्र अजून वेगळी राहिली आहे.

मी नाशिकमध्ये काही वर्षं पोलीस उपनिरीक्षक होते. आता नाही. निवृत्त म्हणावं एवढं माझं वय झालेलं नाही, पण वर्दी उतरवलेल्या माणसासाठी लोकांकडे तेवढाच शब्द असतो, म्हणून मीही तो चालवून घेते. नोकरी का सोडली, हा वेगळा विषय आहे.

आमचं ठाणं नदीकाठच्या भागात होतं. हद्दीत घाट आणि देवळं, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत धर्मशाळा, भक्तनिवास आणि लॉज. सकाळची हजेरी चालू असतानाच ठाणे अंमलदाराकडे फोन आला. एका समाजाच्या ट्रस्टचं भक्तनिवास होतं, फोन तिथल्या सचिवांचा होता. आदल्या दुपारी आठ बायका उतरल्या होत्या. बरोबर एकही पुरुष नाही. संध्याकाळी चांगल्या साड्या नेसून बाहेर पडल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर रिक्षांतून हसत परतल्या. जिच्या नावावर खोल्या होत्या तिचा चेहरा आधार कार्डावरच्या फोटोशी जुळत नव्हता. पण सचिवांना सगळ्यात जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट. त्यांच्याकडे उतरणारा माणूस पहाटे आंघोळ करून दर्शनाला जातो. या बायका दिवस वर आला तरी झोपून होत्या, आणि उठल्यावर त्यांनी आधी चहा मागितला.

आमचे पोलीस निरीक्षक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, ते म्हणाले, "यातून काय अर्थ काढायचा तो सचिवांनी काढून ठेवलाच आहे. तुम्ही जाऊन बघा. महिला अधिकारी लागणार."

अर्थ मलाही कळला होता. अशी टिप आली की ठाण्यात सगळ्यांचा आवाज थोडा खाली येतो आणि जीपमध्ये बसायला माणसं आपोआप तयार होतात. मी फक्त एका महिला शिपायाला बरोबर घेतलं आणि जीप गल्लीच्या तोंडाशी थांबवायला सांगितली. टिप खोटी निघाली तर दारात उभी राहिलेली जीप परत घेता येत नाही. लोकांनी ती पाहिलेली असते.

सचिव साठीच्या पुढचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी ऑफिसची खोली आम्हाला मोकळी करून दिली. बायकांना ठाण्यात नेण्याची गरज मला वाटली नाही. नियमाप्रमाणे एकेकीला वेगळं बोलवायचं ठरवलं, आणि सुरुवात कार्ड देणारीपासून केली.

ती चाळिशीची होती. साधी सुती साडी, खांद्याला पर्स. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, विंचूरच्या पुढचं गाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. सगळं कार्डाप्रमाणे. कशासाठी आलात, तर काळारामाच्या दर्शनाला. काल संध्याकाळी कुठे होतात, तर देवळात. मी मुळात कमी बोलणारी आहे, आणि चौकशीत त्याचा उपयोग होतो. समोरच्याला शांतता सहन होत नाही, तो ती भरायला काहीतरी बोलतो. इथे समोर माझ्यासारखीच बाई होती. विचारलं तेवढंच उत्तर देऊन ती थांबायची. कार्डावरचा फोटो काही मदत करत नव्हता. आधारच्या फोटोत माणूस स्वतःसारखा दिसतोच असं नाही.

पुढच्या तिघीही तेच बोलल्या. दर्शनाला आलो, संध्याकाळी देवळात होतो. शब्दसुद्धा तेच. तिथे मला पहिल्यांदा खात्री पटली की हे पढवलेलं आहे. खरी हकिगत चार माणसांच्या तोंडून चार प्रकारे येते.

पाचवी एक मावशी होती. साठीची, कांद्याच्या खळ्यावर निवडणीचं काम करणारी. आत येताच तिने महिला शिपायाला तू कुठली म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून मान डोलावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी लय बारीक पोरगी हाय. साहेब हाय का तुमी?"

मी हो म्हटलं. काल कुठे होतात, विचारलं.

"देवळात."

"गर्दी होती?"

"भरेल व्हतं सगळं. पण खुर्च्या लय मऊ."

मी पेन खाली ठेवलं. शिपाई खिडकीकडे बघायला लागली. मावशीच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. मग तिने पदर तोंडाला लावला, दाराकडे पाहिलं आणि सावकाश पदर काढला.

"मावशी, देवळात खुर्च्या होत्या?"

"पडदा बी व्हता," ती म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नाही हे तिने स्वतःच ठरवलं होतं. "नाटकाला गेल्तो, बाई. आमच्या बाईंनी नेलं. म्या जन्मात पयल्यांदा पाह्यलं."

मग तिने मला नाटक सांगितलं. एक सासू आणि सून मिळून खानावळ चालवतात, सासू आजारी पडते, सून घर सोडून जायचं ठरवते. दिवे कसे एकदम जातात आणि उजेड आला की घर तेच पण सासूची खाट रिकामी. "आता ती मेली का दवाखान्यात हाय, ते काय सांगितलंच नाय. तिकीट काढून गेलो अन् शेवट त्यांनी सोताकडंच ठिवला," ती म्हणाली. हे मात्र तिला खरोखर लागलं होतं.

मी बाकीच्यांना एकेक करून बोलवलं आणि फक्त एवढंच विचारलं, की सासू मेली का? अंगणवाडीत काम करणारी एक जण म्हणाली, अर्थातच मेली. दुसरी म्हणाली, मेली असती तर सून परत कशाला आली असती. तिसरीने सुनेच्या साडीचा रंग वेगळाच सांगितला. शेवटी सगळ्या एकाच खोलीत आल्या आणि मला विसरून त्यावर वाद घालू लागल्या. त्यांच्या कालच्या संध्याकाळबद्दल मला आणखी पुरावा नको होता. रात्री हसत परतण्याचं कारणही कळलं. मावशी रिक्षात नटाची नक्कल करत होती.

मोठी शंका मिटली होती. कार्डाचा प्रश्न तसाच होता, आणि तो साधा नव्हता. दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवून खोली घेणं ही तोतयेगिरी आहे.

मी कार्ड देणारीला परत आत बोलावलं. म्हटलं, "मावशींनी खुर्च्या सांगितल्या."

तिने डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं ती हसते आहे. मग तिने स्वतःचं खरं नाव सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बाकीच्या सगळ्या तिच्या वस्तीतल्या. येत्या जयंतीला बायकांनी मिळून एक नाटक बसवायचं ठरलं होतं, आणि त्यांतल्या एकीनेही खरा रंगमंच पाहिलेला नव्हता. नाटक सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते, म्हणून मुक्काम करायचा. कार्ड तिच्या शाळेतल्याच दुसऱ्या शिक्षिकेचं होतं. तीही येणार होती आणि फोन करून खोल्या तिनेच ठेवल्या होत्या. आयत्या वेळी तिच्या सासूला दवाखान्यात दाखल करावं लागलं.

मी कलम सांगितलं नव्हतं, पण तिनेच विचारलं, "गुन्हा दाखल झाला तर निलंबन होतं ना?"

मी म्हटलं, होऊ शकतं.

"मग एक करा. कार्ड मी तिच्या पर्समधून न विचारता घेतलं असं लिहा."

"ते लिहिलं तर ती चोरी होते."

"होऊ द्या. तिची सासू दवाखान्यात आहे. तिला यात ओढू नका."

माझ्या नोकरीत मी आळ दुसऱ्यावर ढकलणारी माणसं रोज पाहिली. नसलेला गुन्हा मागून घेणारी ही पहिलीच. मी काही लिहिलं नाही. विचारलं, एवढं करण्यापेक्षा लॉजमध्ये स्वतःच्या नावावर खोली का नाही घेतली?

मागून बघितली होती. बसमधून उतरल्यावर आधी त्या नाशिकच्याच द्वारका चौकात फिरल्या होत्या. परवडतील असे जेवढे लॉज दिसले तेवढ्यांत विचारलं. एकाने खोल्या भरल्या म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात मागून आलेल्या माणसाला किल्ली दिली. एकाने विचारलं, जेन्ट्स कोण आहे बरोबर? "शेवटच्याने निदान खरं कारण सांगितलं," ती म्हणाली. "ताई, नुसत्या बायका ठेवल्या की पोलीस येतात."

हे सांगताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी म्हटलं, "मग इथे तरी स्वतःचं नाव सांगायचं."

"आम्ही बौद्ध आहोत. इथे आधी आडनाव विचारतात."

"विचारून तर बघायचं."

"मॅडम, तुम्हाला कधी सांगताना अडखळावं लागलं नसेल," ती शांतपणे म्हणाली.

लहानपणी आईवडिलांबरोबर मी अशा जागी उतरले आहे. वडील खिडकीशी आडनाव सांगत आणि किल्ली मिळे. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी उठून बाहेर आले.

सचिव बाहेर बाकावर बसून होते. त्या नाटकाला गेल्या होत्या हे ऐकून त्यांना खरंच हायसं वाटलं. मग त्यांचा चेहरा पुन्हा कडक झाला. खोटं बोलून राहिल्या ना, तक्रार घ्याच, उद्या काही झालं तर जबाबदारी माझी, असं ते म्हणू लागले. त्यांचं अगदी चूक नव्हतं. मी त्यांना एकच विचारलं, "खरं सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसती दिली. समाजाबाहेर द्यायची नाही, नियम आहे." मग म्हणाले, "पण नीट बोललो असतो."

तक्रार त्यांनी दिली असती तर मला ती घ्यावी लागली असती. मी त्यांना म्हटलं, जिचं कार्ड आहे तिचं म्हणणं आधी ऐकू. शिक्षिकेने नंबर द्यायला नकार दिला. तो मला मावशीने दिला.

दुसरी बाई दुपारच्या आत आली. रात्रभर दवाखान्यात बसलेली, केस विस्कटलेले, तोंड धुवायलाही वेळ मिळाला नसावा. माझ्याशी न बोलता ती सरळ सचिवांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, कार्ड मी दिलं. खोल्या माझ्या नावावर आहेत. या माझ्या पाहुण्या. तुमच्याकडे उतरणाऱ्याला पाहुणे आणता येतात की नाही?"

"येतात," सचिव म्हणाले.

"मग झालं."

"तसं आधी सांगायचं ना," सचिव म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचा कोरा कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. बाहेर पडायला वाट मिळाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा सांगितला. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तक्रार नाही, कोणाचं नुकसान नाही, ठाणे दैनंदिनीला नोंद करा आणि या.

बायका खुशीत होत्या. शिक्षिका एकटी खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मी दारात जाऊन म्हटलं, मिटलं सगळं.

"हो. पाहुणी म्हणून सुटले," ती म्हणाली. तिने उशी जागेवर ठेवली. "पुढच्या वेळी कोणाच्या नावाने यायचं, ते तेवढं सांगा."

त्या प्रश्नाला ठाण्यात कुठलं कलम लागत नाही. पण त्याच आठवड्यात लॉज तपासणीला मी द्वारकेला गेले तेव्हा एका मालकाला तो विचारला. तो जुना, बोलका माणूस होता. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. आठ बायका ठेवल्या की तुमची माणसं दार वाजवणार. एकदा वाजवणार, परत वाजवणार. बाकीचं गिऱ्हाईक पळतं. मग मी कशाला देऊ?"

म्हणजे आम्ही संशय घेतो म्हणून तो खोली देत नव्हता. खोली मिळत नव्हती म्हणून त्या बाईने खोटं नाव दिलं. आणि खोटं नाव दिलं म्हणून आम्ही पुन्हा संशय घ्यायला हजर. मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही एवढं सलग पहिल्यांदाच बोललात." लॉजमालकांच्या पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, महिलांचा गट आला तर ओळखपत्र बघा, खोली द्या आणि ठाण्यात कळवा. कळवलंत तर आमचा माणूस दार वाजवणार नाही. मागे उभे असलेले आमचेच काही जण कुजबुजले. काही मालकांनी ऐकलं, काहींनी नाही.

तपासात संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय हे काम होत नाही. पण एखादा माणूस खोटं बोलतोय हे कळल्यावर मी पुढे एक गोष्ट शोधायला शिकले. खरं बोलून तो आधी कुठून कुठून परत आला आहे. बहुतेक वेळा अशी एखादी जागा सापडते. भक्तनिवासाचा नियम मात्र मी बदलू शकले नाही. तो माझ्या हद्दीत असूनही माझ्या हातात नव्हता.

वर्षभराने एका दुपारी द्वारकेच्या त्या मालकाचा मला फोन आला. "मॅडम, बायकांचा ग्रुप आलाय. नाटकाला. सांगितल्याप्रमाणे कळवतोय."

मी विचारलं, खोली कोणाच्या नावावर?

त्याने वाचून दाखवलं. शिक्षिकेचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. या लेखात मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, आणि तेही लिहिणार नाही. त्या दुपारी मात्र नीट ऐकू आलं असूनही मी त्याला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.