आत्यांची उसनी डिस्क

व्हिडिओ गेमच्या डिस्कवर माझ्या जुन्या रूममेटच्या आत्यांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसावा. रूममेट केव्हाच लग्न करून टेक्सासला गेला, आत्या मात्र मॉरिसव्हिलमध्ये माझ्या वाट्याला राहिल्या. मूळच्या नागपूरच्या, वय एकाहत्तर, इस्पितळाच्या लॅबमधून निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. तलवारीनं राक्षस मारताना चष्मा कपाळावर चढवायच्या आणि तो मेला की "बिचारा" म्हणायच्या. डिस्क सुती कापडानं मधून कडेकडे पुसायची, गोल फिरवून नाही, हे त्यांच्या घरी येणाऱ्याला चपला काढायच्या आत कळायचं. एका वाढदिवसाला मुलीनं गेम खेळायचं नवंकोरं कन्सोल पाठवलं. आत्यांनी ते चारी बाजूंनी न्याहाळलं, डिस्क घालायची फटच नाही म्हटल्यावर परत खोक्यात घातलं आणि बदलून आणायला मला ड्रायव्हर म्हणून नेलं. काउंटरवरच्या बाईंनी समजावलं, आता सगळं डाउनलोडच होतं. आत्यांनी शांतपणे विचारलं, "डाउनलोड केलेलं शेजारणीला खेळायला देता येतं?" बाई नाही म्हणाल्या. "मग ते माझं कसं?" बाईंनी मुकाट्यानं आतून फटवालं कन्सोल आणून दिलं.

मी गाडीत पोट धरून हसलो. माझे सगळे गेम सोफ्यावरून न उठता घेतलेले. माझ्याही कन्सोलला फट होती, पण ती फक्त धूळ खायला.

पुढच्या वर्षी माझी नोकरी गेली. व्हिसावर होतो, साठ दिवसांत नवी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. मी दार लावून बसलो. अर्ज करायचे, नकार वाचायचे, गेम खेळायचा, फोन उचलायचा नाही. नवव्या दिवशी आत्या दारात उभ्या. "काय करून राहिलास रे घरात?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी पर्समधून डिस्क काढली. "गुरुवारी परत आणून दे. स्वतः. मग दुसरी मिळेल."

मग दर गुरुवारी मला आंघोळ, दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालावाच लागे. त्यांच्याकडे डिस्क बदलायला आणखी कोणी ना कोणी आलेलं असे, आणि पोहे खाल्ल्याशिवाय कोणाचीच सुटका नसे. अशाच एका गुरुवारी रेसिंगचा गेम परत द्यायला आलेल्या एका काकूंनी माझी चौकशी केली. त्यांच्या कंपनीच्या, गाडीनं आठ तासांवरच्या एडिसनच्या ऑफिसात जागा होती. एक्केचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. आत्यांना सांगायला गेलो तर त्या "छान झालं" म्हणाल्या आणि कितीतरी वेळ ओटाच पुसत राहिल्या.

निघताना त्यांनी त्यांची सगळ्यात लाडकी डिस्क माझ्या हातात ठेवली. "भेट?" मी विचारलं.

"भेट कशाला? उसनी. भेट दिली तर परत कशाला येशील तू?"

याला तीन वर्षं झाली. दर सुट्टीला जायचं ठरतं आणि राहतं. मध्यंतरी मुलगी आत्यांना कॅलिफोर्नियाला घेऊन गेली, म्हणजे आता ते अंतरही गाडीचं उरलं नाही. परवा फोनवर मी अपराधी होऊन विचारलं, "आत्या, डिस्क पोस्टानं पाठवू का?"

 आत्या म्हणाल्या, "नको. पोस्टमन काही पोह्याला थांबत नाही रे."