माशांना आडोसा

टायरच्या दुकानाला खेटून एक लोखंडी फाटक होतं आणि फाटकाच्या आत रोपवाटिका. ती चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली रोपवाली म्हणायची. तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सांगाल त्याच्या. त्याचा हात चालायचा त्याच्या दुप्पट जीभ चालायची. पाटी सांगायला आलेलं गिऱ्हाईक तासभर गप्पा ऐकून, चहा पिऊन, वर एखादी कुंडी काखेत मारून बाहेर पडायचं. "तुमचं तोंड बंद झालं ना, तर माझा धंदा बसेल," असं ती थट्टेत म्हणायची.

आणि एक दिवस तोंडच बंद झालं. भर सकाळी, अंगणात पाटीवर वाकलेला असताना ब्रश हातातून गळाला आणि त्यामागे तोही खाली आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि एवढ्या मोठ्या शब्दांच्या दुकानात एकच शब्द शिल्लक राहिला. "नको." चहा देऊ? नको. पाणी? नको. पेला ओठांना लावला की मात्र घटाघटा प्यायचा. कुठला नको म्हणजे हो आणि कुठला नको म्हणजे नको, हे ती त्याच्या डोळ्यांवरून ओळखायला शिकली. पुढेपुढे डोळेही काही सांगेनासे झाले. चाकांच्या खुर्चीत बसवला की बसायचा, आडवा केला की पडायचा.

रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला झाडांना पाणी घालायला खणलेलं एक तळं होतं. चौकोनी, काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, आंघोळीच्या टबासारखं गुळगुळीत. डास होऊ नयेत म्हणून तिनं त्यात मासे सोडले होते, नारिंगी आणि थोडे ठिपक्यांचे. एकदा घर पुसायचं म्हणून तिनं खुर्ची तळ्याकाठी नेऊन ठेवली. परत येऊन बघते तर नवरा पुढे झुकलेला, नजर माशांच्या मागे पळतेय आणि तोंडाच्या बऱ्या कोपऱ्यात हसू. झटक्यानंतरचं पहिलं.

बुडत्याला काडीचा आधार. त्या दिवसापासून सकाळचा चहा तळ्याकाठी होऊ लागला. ती दाणे टाकायची, मासे झुंडीनं वर यायचे, तो बघायचा. पण चांगलं दिसलं की दृष्ट लागायला वेळ लागत नाही. एक पाणकावळा आला. काळा, लांब मानेचा, मालकासारखा काठावर उतरला आणि बुडी मारून मासा घेऊनच वर आला. दुसऱ्या दिवशी जोडीदाराला घेऊन आला. तिनं डबे वाजवले, जुनी साडी फडकवली, जाळी ताणली. जाळीतून मासे धड दिसेनात, तेव्हा नवरा "नको, नको" करून मान हलवायला लागला. हा नको खरा होता. तिनं जाळी काढली आणि मासे रोज घटत गेले.

ज्याच्याकडून मासे आणले होते तो मासेवाला येऊन तळं बघून गेला. "बाई, यात पक्ष्याचा काय दोष? नुसतं उघडं मैदान आहे हे. लपायचं म्हटलं तर माशानं जावं कुठं? पाण्याखाली आडोसा करा. पाइप टाका, फुटक्या कुंड्या टाका, फांद्या टाका."

तिचा धाकटा भाऊ वेल्डिंग करायचा. दिवसभर ठाकठूक चालायची म्हणून त्याचं नावच ठोक्या पडलं होतं. निरोप मिळताच तो जुने पाइप घेऊन हजर झाला. त्यानं तुकडे कापून, त्यांच्या कडा घासून, एकावर एक रचून मधमाशांच्या पोळ्यासारखे दोन मोठे सांगाडे जोडले. रोपवालीनं फुटक्या कुंड्यांची धार दगडावर घासून बोथट केली, खालचं प्लॅस्टिक फाटू नये म्हणून गोणपाटाच्या घड्या शिवल्या.

"ताई, माझ्या घराचं छप्पर गळतंय," छातीभर पाण्यात उभा राहून ठोक्या म्हणाला, "आणि मी इथं माशांना बंगले बांधतोय. बायकोला कळलं तर मलाच यातल्या एका पाइपात राहावं लागेल."

"राहा की. दाणे टाकीन दोन वेळा."

"भाऊजी, ऐकताय ना हिचं?"

 तो खुर्चीतून बघत होता.

सांगाडे बसले, कुंड्या उपड्या पडल्या, तरी तळ्याचा अर्धा तळ मोकळाच होता. त्याच सुमारास पलीकडच्या शाळेनं मोठं झाड छाटलं. फांद्यांचा ढीग रस्त्यावर, पानं अजून टवटवीत. रोपवालीला वाटलं, देवच पावला. दोघा भावंडांनी फांद्या ओढत आणल्या, दगड बांधून एकेक करून बुडवल्या. पाण्याखाली हिरवं रान उभं राहिलं.

पाणकावळे आले, बुड्या मारल्या, रिकाम्या चोचीनं वर आले. थोड्याच दिवसांत यायचे थांबले. ठोक्यानं मिशीवर हात फिरवला. मासेही वाचले. फक्त ते दिसायचे बंद झाले.

दाणा पडला की पाइपातून एखादा बाणासारखा सुटायचा, घास घ्यायचा आणि पुन्हा गडप. उरलेला सगळा वेळ समोर नुसतं पाणी. नवरा बघत राहायचा. आधी बराच वेळ, मग थोडा वेळ, मग मान खाली घालून.

"आहेत हो आत," ती वाकून सांगायची. "घरात बसलेत. येतील बाहेर."

तो तिच्याकडेही बघत नसे. माशांचा जीव वाचवताना तिनं त्याच्याकडे होतं नव्हतं तेवढं काढून घेतलं होतं, आणि हे सांगणार कोणाला? सहन होईना तेव्हा तिनं ठरवलं, ठोक्याला बोलावून निम्म्या फांद्या उपसायच्या. पण तो दूरच्या कामावर होता, आठवड्याअखेर येतो म्हणाला. त्या आठवड्यात आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, वारा नाही, नुसती घुसमट. तळ्याचं पाणी काळ्या चहासारखं दिसू लागलं. खाली वाकलं की आंबूस वास यायचा.

मग ती सकाळ. तिनं खुर्ची ढकलत आणली आणि तिचे पाय थबकले. सगळे मासे वर होते. नारिंगी, ठिपक्यांचे, तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. मधल्या काळात पिल्लंही झालेली. पाण्याचा सगळा पृष्ठभाग भरून गेला होता आणि प्रत्येकाचं तोंड उघडं, आभाळाकडे.

"आ... आले," नवरा म्हणाला.

तिला आधी कळेना आवाज कुणाचा.

"आले! आले!" त्याचा डावा हात खुर्चीवर आपटत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाकडं तोंड हसत होतं. कित्येक महिन्यांनी नवा शब्द, आणि तोही अचूक.

पण रोपवालीचा उभा जन्म पाला कुजवून खत करण्यात गेला होता. ओला पाला कोंडला की तापतो, जवळची हवा ओढून घेतो, मुळं गुदमरतात. हे ती गिऱ्हाइकाला शंभरदा सांगायची. पाण्यातही तेच होईल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. समोर मासे दर्शनाला आले नव्हते. श्वासासाठी आले होते.

तिनं पंप लावला, नळी उंच धरून पाणी उडवलं, ठोक्याला फोन केला, मग साडी खोचून स्वतःच पाण्यात उतरली आणि हाताला लागेल ती फांदी ओढू लागली. ओल्या फांद्या तिला एकटीला हलेनात. जी हलली तिच्याखालून काळा गाळ उसळला आणि मासे आणखीच कासावीस झाले. काठावरून तो ओरडतच होता, "आले! आले!" जणू तिलाच दिसत नव्हते.

पहिला मासा कुशीवर वळला तशी ती बाहेर आली आणि ओल्या हातांनी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

 त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना. "आले," तो म्हणाला, समजावल्यासारखं. मग जोरात. मग रडत. तिला वाटलं, फिरवावी. पण मागे एकेक पांढरं पोट वर येत होतं. तिनं खुर्ची तशीच राहू दिली आणि जाळं घेऊन मेलेले मासे वेचू लागली. ठोक्या पोचला तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मीच ओढून आणल्या गं या फांद्या," तो म्हणाला. "दोघांनी आणल्या," ती म्हणाली. 

नवऱ्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना नवा शब्द ऐकून आनंद झाला. "बघा, सुधारणा आहे! कशामुळे झालं?" रोपवालीनं सांगितलं, "माहीत नाही." सुधारणा तेवढीच. काही दिवस तो सकाळी फाटकाकडे, छताकडे, तिच्याकडे बघून "आले?" असं विचारायचा. ती म्हणायची, "अजून नाही." मग त्यानं विचारणं सोडलं. दुसऱ्या झटक्यानंतर तो खुर्चीतही बसेना. त्याचा पलंग आतल्या खोलीत हलवला.

पुढे कधीतरी मासेवाला पाण्यानं फुगवलेली पिशवी घेऊन आला. आत नारिंगी पिल्लं वळवळत होती. तळ्याकडे नजर टाकून म्हणाला, "बाई, पाणी आता स्वच्छ आहे. फांद्या निघाल्यात, पाइप आहेतच. आता नाही मरायचे. हे माझ्याकडून घ्या."

"तुमच्याकडेच बरे आहेत ते," ती म्हणाली.

"अहो, यजमानांना बरं वाटेल."

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. "त्यांची कूस बदलायची वेळ झाली," ती म्हणाली, आणि हात पुसत आत गेली. मासेवाला पिशवी घेऊन, फाटक ओढून निघून गेला.