कॉमिकमधली म्हैस

विरारच्या सायबर कॅफेतल्या ताई संगणकाशीही बोलायच्या. "उघड रे बाबा, बाई खोळंबल्यात!"

मी विरारजवळच्या चांदीप गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर वर्गासाठी कॉमिक बनवायला ताईंकडे जायचे. एकदा माझ्या कॉमिकमधला बर्फाचा माणूस पाहून त्या म्हणाल्या, "ह्याला तुमच्या पोरांत कोन वळखनार?"

दुसऱ्या दिवशी कॅफे बंद ठेवून त्या कॅमेरा घेऊन चांदीपला आल्या. पोरांच्या घरची गुरं, विहिरी, अंगणं यांचे फोटो काढून त्यांनी कॉमिकमध्ये बसवून दिले. त्यात एक म्हैस म्हणत होती, "आय ॲम हंग्री!"

ते कॉमिक वर्गात दाखवलं, तेव्हा कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी आपली म्हैस ओळखून ओरडली, "वेट! आय ॲम कमिंग!"

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो ताईंमुळे.