राहायचा व्हिसा

आमच्या शुक्रवारच्या मंडळात आरती दहा मिनिटांत आटोपते, पण निघताना चपला शोधायला तास लागतो. किस्से साठतात ते तिथेच! त्यातले निम्मे हल्ली युकोचे.

युको माझी शेजारीण, सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीत. तिचा नवरा केंजी इलेक्ट्रॉनिक सिटीत रोबो बनवतो, भारताच्या वर्क व्हिसावर. त्या व्हिसाची मुदत संपत आलेली, मुदतवाढीचा अर्ज अडकलेला आणि युकोला सातवा महिना. उत्तर आलं नाही तर तशाच अवस्थेत सामान बांधून जपानला परतायचं. "बाळ इथेच व्हावं, माझ्या डॉक्टरीणबाईंकडे," एवढंच ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायची.

माझा मुलगाही अमेरिकेत असाच व्हिसावर आहे. तो तापानं पडला तेव्हा शेजारच्या आजींनी त्याला सूप नेऊन दिलं. त्या माउलीचे उपकार फेडायला देवानं मला युको दिली, असं मी समजते.

मी मंडळात म्हटलं, "या वेळी सगळ्यांनी मिळून व्हिसासाठी नवस बोलू या."

"कुठला? अमेरिका की कॅनडा?" सरोजक्कांनी विचारलं. त्या मूळच्या राजाजीनगरच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड.

"भारताचा. तिला इथे राहायचंय."

"अय्यो! इतकी वर्षं आपण देवाकडे परदेशी जायचा व्हिसा मागतोय. राहायचा मागणारी ही पहिलीच! देव स्वल्प गोंधळणार गं!"

*

संकष्टीला मी युकोला सांगितलं, "सहाला ये." आपलं सहा म्हणजे साडेसहा. ही ठोक्याला दारात, आणि मी केस पुसतेय! "उपवास तू करायचा नाहीस," असं बजावून मी तिच्यापुढे दूर्वा ठेवल्या. तिनं एकेक काडी सारखी कापून अशा जुड्या बांधल्या, की दागिना वाटावा. मला अगदी भरून आलं.

नेहा, आमची पुण्याची, हळूच म्हणाली, "काकू, बाप्पाला वाटेल आज आपलं लग्नच आहे!"

*

मग एक दिवस पत्ता पडताळायला पोलीस आला. केंजी ऑफिसात, युको दवाखान्यात. दारात सापडल्या माझ्याकडे आलेल्या सरोजक्का. कन्नडात मुलाखत सुरू!

"ते जपानी कसे आहेत?"

"सोनं आहेत, सोनं! कुणाला पाठवायचंच असेल तर वरच्या मजल्यावरच्यांना पाठवा. गॅलरीतून कचरा टाकतात."

"अक्का, ते भारतीय आहेत."

"मग? टाकतात की नाही कचरा?"

पोलीस माझ्याकडचं ताक पिऊन हसत हसत गेला.

*

तरी उत्तर काही येईना. विमानाची तिकिटं बघायची वेळ आली, म्हणून डोहाळेजेवण आम्ही घाईनं युकोच्याच घरी केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. मी ओटी भरत होते आणि तिचे डोळे वाहत होते.

पाट मांडता मांडता सरोजक्का कपाटाजवळ थबकल्या. वर एक लाल, गोल, दाढीमिश्यावाला बाहुला. एक डोळा काळाभोर, दुसरा कोरा.

"शिव शिव! अपुरी मूर्ती कुणी घरात ठेवतं का?" असं म्हणत त्यांनी पर्समधली काजळाची डबी काढली आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत दुसरा डोळा भरलासुद्धा!

युको बघतच राहिली. "हा दारुमा," ती म्हणाली. "काही मागताना एक डोळा रंगवायचा. ते मिळालं की दुसरा."

"तू काय मागितलं होतंस?" मी घाबरत विचारलं.

"व्हिसा."

नेहानं कपाळाला हात लावला. सरोजक्का मात्र शांत. "सरी, ठीक आहे! नवस आपण आधीच फेडला. आता त्याची पाळी."

पानं वाढली आणि केंजीचा फोन आला. युको ऐकता ऐकता रडायला लागली, मग हसायला. "मिळालं! एक वर्ष मिळालं!" मला दुसरा देव दिसेना, म्हणून मी त्या बाहुल्यालाच हात जोडले.

सरोजक्कांनी भातावर वरण ओतून घेतलं. "मग? एका डोळ्यानं एवढा मोठा अर्ज वाचायचा तरी कसा त्यानं!"